बापानं जगाला मशीनगन दिली, पोरानं बंदुकीला सायलेन्सर लावला. पण त्या नावानंच त्याचा घात केला

सायलेन्सर म्हटलं की आपल्याकडं पहिल्यांदा आठवते ती बुलेट. फटाके फोडणारी, अख्ख्या गल्लीला झोपेतून उठवणारी. मग आठवतात ते जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवणाऱ्या पोलिसांचे व्हिडिओ. ज्यांना यातलं काहीच आठवत नाही, त्यांना थ्री इडियट्समधला चतुर नक्की आठवतो.

पण हाच शब्द बंदुकीला जोडला की चित्र एकदम बदलतं. काळा कोट घातलेला माणूस खिशातून नळकांडं काढतो, पिस्तुलाला पिळून बसवतो, फुस्स असा बारीकसा आवाज येतो आणि समोरचा खाली. शेजारच्या खोलीत चहा पिणाऱ्यालाही पत्ता लागत नाही.

हे चित्र सिनेमानं आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसवलंय की खरं सायलेन्सर तसं काम करतच नाही, हे कुणाला सांगूनही पटत नाही. बरं, ते ज्यानं बनवलं तो काही गुप्तहेर नव्हता, मारेकरीही नव्हता. शेजाऱ्यांना त्रास न होता नेमबाजी करता यावी, एवढीच त्याची अपेक्षा होती.

त्या माणसाचं नाव हायरम पर्सी मॅक्सिम. आडनाव ओळखीचं वाटलं ना? वाटायलाच हवं.

घरातच मशीनगन

पर्सीचा जन्म 2 सप्टेंबर 1869 चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमधला. वडलांचं नाव हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम. हा गडी जन्मजात संशोधक. विजेच्या दिव्यांच्या शर्यतीत तो एडिसनच्या विरोधात उतरला होता. पुढं 1881 मध्ये तो विजेच्या प्रदर्शनासाठी पॅरिसला गेला, तिथून लंडनला पोचला आणि तिकडचाच झाला. बायको आणि पोरं अमेरिकेत मागं राहिली. पर्सी तेव्हा जेमतेम 12 वर्षांचा होता.

लंडनमध्ये बापानं जे बनवलं त्यानं जगाचा इतिहास बदलला. 1880 च्या दशकात त्यानं मॅक्सिम गन तयार केली.

गोळी सुटली की बंदूक मागं धक्का मारते. आजवर हा धक्का फक्त सैनिकाचा खांदा सुजवायचा. मॅक्सिमनं डोकं लावलं आणि त्याच धक्क्याला कामाला जुंपलं. धक्क्याच्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर, नवीन आत आणि पुढची गोळी तयार. मिनिटाला साधारण 600 गोळ्या. आफ्रिकेपासून तिबेटपर्यंत ब्रिटिशांनी ही बंदूक वापरली. बापाला 1901 मध्ये सर ही पदवी मिळाली.

त्याची किंमतही त्यानं मोजली. आयुष्यभर बंदुकांच्या धडधडाटात उभं राहून त्याचे कान कामातून गेले आणि म्हातारपणी त्याला ऐकूच येईना. पर्सीचा काका हडसन मॅक्सिम हाही स्फोटक दारूवर काम करणारा. थोडक्यात काय, मॅक्सिम म्हटलं की धूर, दारू आणि आवाज हे ठरलेलं.

आणि या घरातल्या पोरानं पुढं जाऊन आवाज कमी करायचा धंदा काढला.

रिकाम्या काडतुसात पेट्रोलचा थेंब

बाप लांब गेला, तरी पोराचं डोकं बापाचंच होतं. 1886 मध्ये, वयाच्या 16 व्या वर्षी पर्सी एमआयटीतून शिकून बाहेर पडला. काही वर्षं विजेच्या कंपन्यांत काढली आणि मग मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावात तोफगोळे बनवणाऱ्या अमेरिकन प्रोजेक्टाईल कंपनीत लागला.

1892 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. सेलम गावातल्या एका मुलीला भेटून पर्सी रात्री सायकलवर लिनला परतत होता. रस्ता सामसूम. पायडल मारता मारता त्याच्या डोक्यात आलं, की या सायकलला एक छोटं इंजिन बसवलं तर? घोडा नको, पाय दुखवायला नकोत, कुणाचीही गाडी कुठंही जाईल.

जर्मनीत बेंझ आणि डाइमलर यांनी हे आधीच करून दाखवलं होतं. पण पर्सीला त्याची काहीच कल्पना नव्हती, त्यामुळं त्यानं सगळं शून्यापासून सुरू केलं. पेट्रोलचा नेमका किती मोठा भडका होतो हे त्याला बघायचं होतं. हाताशी काय होतं, तर कारखान्यातलं तोफेचं रिकामं काडतूस. त्यानं त्यात पेट्रोलचे थेंब टाकले आणि वरून पेटती काडी सोडली. धडाम! काडी वर उडाली आणि पर्सीला कळलं, की या थेंबांत गाडी ओढायची ताकद आहे.

याच जोरावर त्यानं एका तीनचाकी सायकलला इंजिन बसवलं. 1895 मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात, सायकलींचा बादशाह समजल्या जाणाऱ्या आल्बर्ट पोपच्या कंपनीनं त्याला मोटारगाड्या बनवायला बोलावून घेतलं. 1899 मध्ये ब्रॅनफर्ड इथल्या ट्रॅकवर झालेल्या शर्यतीत पर्सी स्वतः पेट्रोलची गाडी चालवत पहिला आला.

पण त्या काळच्या पेट्रोलच्या गाड्या म्हणजे चालता फिरता तोफखाना. सिलिंडरमध्ये भडका उडाला की गरम वायू प्रचंड दाबानं बाहेर पडायचा आणि बाहेरच्या हवेवर आदळायचा. त्याचाच आवाज व्हायचा.

आता बंदुकीत काय होतं ते बघा. नळीत दारूचा भडका, प्रचंड दाबाचा गरम वायू, पुढं गोळी. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडली की मागचा वायू एकदम मोकळा होतो आणि बाहेरच्या हवेवर आदळतो. तेच गणित. गाडीचं इंजिन आणि बंदूक ही एका अर्थानं सख्खी भावंडं आहेत आणि पर्सीनं दोघांवरही काम केलं होतं.

आंघोळीच्या टबात सापडलेलं उत्तर

पर्सीला नेमबाजीची आवड होती. अडचण एकच, बंदूक वाजली की सगळा परिसर दचकायचा. हा आवाज नसता तर किती मजा आली असती, असं त्याला वाटायचं. सुरुवातीला त्यानं विचार केला, की गोळी बाहेर पडली रे पडली की नळीचं तोंड झडपेनं बंद करायचं आणि वायू आतच कोंडायचा. पण एवढा दाब, एवढा कमी वेळ, झडप बिचारी काय करणार?

मग एक दिवस आंघोळ झाल्यावर तो टबातलं पाणी वाहून जाताना बघत होता. भोकाजवळ पाणी गोल गोल फिरत होतं आणि मधोमध पोकळ जागा तयार झाली होती. पाणी थेट खाली पडत नव्हतं, गिरक्या घेत घेत हळूहळू जात होतं.

पर्सीच्या डोक्यात दिवा पेटला. वायू कोंडायचाच कशाला? त्याला फक्त गिरक्या घ्यायला लावायचं. गोळी मधल्या सरळ वाटेनं निघून जाईल आणि वायू बाजूच्या कप्प्यांत फिरत बसेल. तिथं तो पसरेल, थोडा थंड होईल आणि मग सावकाश बाहेर पडेल. एकदम फोडलेला फुगा फाटकन वाजतो, पण तोंड सैल करून हवा सोडली तर नुसतं फुस्स होतं. तसंच हे.

30 मार्च 1909 रोजी त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं. नंबर 9,16,885. हार्टफर्डमध्ये कंपनी सुरू झाली आणि वस्तूला नाव मिळालं मॅक्सिम सायलेन्सर.

नळीच्या तोंडावर काय लावायचं?

इथं थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ, कारण पर्सीसमोर जो प्रश्न होता तोच आजही प्रत्येक रायफल बनवणाऱ्यासमोर असतो.

रायफल जितकी हलकी, तितकी ती डोंगरात वागवायला सोपी. पण हलकेपणाची किंमत खांद्याला मोजावी लागते. गोळी आणि दारू तीच ठेवून 4 किलोच्या रायफलीऐवजी 3 किलोची घेतली, तर मागं येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा साधारण एक तृतीयांशानं वाढते. नळी वर उसळते, नेम हलतो आणि दुसऱ्या गोळीला वेळ लागतो. मग हा धक्का आवरायला नळीच्या तोंडावर काहीतरी बसवायचं ठरतं. तिथं ढोबळमानानं चार पर्याय असतात आणि चौघांचंही काम त्या वायूशीच.

पहिला, मझल ब्रेक. याला बाजूनं भोकं किंवा खाचा असतात. वायू पुढं जायच्या ऐवजी बाजूला आणि थोडा मागं फेकला जातो. त्यामुळं रायफल पुढं ओढल्यासारखी होते आणि धक्का चांगलाच कमी होतो. वजनही फार वाढत नाही. पण बाजूला फेकलेल्या वायूबरोबर आवाजही बाजूला येतो. चालवणाऱ्याच्या कानाला जास्त त्रास, आणि शेजारी उभा असलेला तर वैतागून जातो.

दुसरा, कॉम्पेन्सेटर. यात वायू वरच्या खाचांतून बाहेर पडतो आणि उसळणारी नळी खाली दाबून धरतो. 1920 च्या दशकात अमेरिकन मरीन अधिकारी रिचर्ड कट्स यांनी बनवलेला कॉम्पेन्सेटर टॉमी गनवर बसला आणि गाजला.

तिसरा, फ्लॅश हायडर. नळीच्या तोंडाशी उडणारा जाळ विस्कटून कमी करायचा, म्हणजे रात्री चालवणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. वजनाला सगळ्यात हलका, पण धक्क्याला आणि आवाजाला त्याचा फारसा उपयोग नाही.

चौथा, आपल्या पर्सीचं सायलेन्सर. आवाज कमी, जाळ कमी आणि धक्काही कमी. ऐकायला एकदम भारी. पण रायफलीची लांबी वाढते, वजन वाढतं आणि तेही अगदी टोकाला. झाडूच्या टोकाला पाण्याची बाटली बांधून तो आडवा धरून बघा, म्हणजे टोकावरचं वजन हाताला कसं जाणवतं ते कळेल. हलक्या रायफलीचा सगळा हलकेपणा तिथंच संपू शकतो.

म्हणजे फुकट काहीच नाही. धक्का कमी करायचा तर कान द्यावे लागतात, कान वाचवायचे तर लांबी आणि वजन सोसावं लागतं.

पर्सीला ही देवाणघेवाण चांगली ठाऊक होती. त्याच्या सुरुवातीच्या सायलेन्सरमध्ये भोक बरोबर मधोमध होतं. त्यामुळं नळकांडं नळीच्या वर डोकावायचं आणि नेम धरताना आडवं यायचं. 1910 च्या मॉडेलमध्ये त्यानं भोक वरच्या बाजूला सरकवलं आणि बहुतेक नळकांडं नळीच्या खाली ठेवलं. नेम मोकळा झाला. दिसायला ती गोष्ट वाकडी होती, पण वापरायला सरळ.

दुकानात मिळणारं, राष्ट्राध्यक्षाच्या रायफलीवर बसलेलं

आज ऐकून खोटं वाटेल, पण त्या काळी अमेरिकेत सायलेन्सर हे दुकानातून किंवा टपालानं सहज मागवता यायचं. पर्सीनं जाहिरात करताना कुठलीही लपवाछपवी केली नाही. लोकांसमोर प्रात्यक्षिकं दिली, पत्रकारांना बोलावून गोळ्या झाडून दाखवल्या. घराच्या मागं नेमबाजी करा, शेजाऱ्यांना त्रास नाही, नवशिक्याला दचका नाही, असा सगळा सूर. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर रायफलीवरही मॅक्सिम सायलेन्सर बसलं होतं.

अमेरिकन लष्करानंही आपल्या स्प्रिंगफील्ड रायफलीवर ते लावून चाचण्या घेतल्या. आवाज कमी झाला, धक्का कमी झाला हे त्यांनाही दिसलं. थोडी खरेदीही झाली. पण प्रत्येक सैनिकाच्या रायफलीला सायलेन्सर हा निर्णय काही झाला नाही. टोकाला वाढलेली लांबी, वजन, त्यावर संगीन कशी लावायची ही भानगड आणि साफसफाई हे सगळं आडवं आलं.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे सायलेन्सर बंदुकीला गप्प करतच नव्हतं.

त्याचं कारण साधं आहे. बंदुकीचा आवाज दोन ठिकाणांहून येतो. एक, नळीच्या तोंडाशी मोकळा होणारा वायू. दुसरा, स्वतः गोळी. आवाज हवेत सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. स्प्रिंगफील्ड रायफलीची गोळी सेकंदाला 800 मीटरहून जास्त वेगानं जायची. आवाजापेक्षा वेगात जाणारी वस्तू हवा चिरत जाते आणि चाबूक ओढल्यासारखा कडक आवाज मागं सोडते. तो आवाज गोळीच्या वाटेवर सगळीकडं होतो, नळीच्या तोंडावर काहीही लावा. म्हणजे पर्सीचं सायलेन्सर दोनपैकी एकच आवाज कमी करत होतं. आवाजापेक्षा कमी वेगाच्या छोट्या गोळ्यांवर त्याचा परिणाम भारी दिसायचा, मोठ्या रायफलीवर मात्र नाही.

आजची मोजमापंही तेच सांगतात. मोठ्या रायफलीचा आवाज साधारण 160 डेसिबलच्या घरात जातो. चांगलं सायलेन्सर त्यातले 20 ते 35 डेसिबल कमी करतं. म्हणजे उरतो तो 125 ते 140 डेसिबलचा दणका. 140 च्या वरचा एक दणकासुद्धा कानाला इजा करू शकतो, त्यामुळं ही घट कानासाठी सोन्यासारखी आहे. पण शेजारच्या खोलीत ऐकू येणार नाही? विसरा.

थोडक्यात, वस्तू होती आवाज कमी करणारी आणि नाव होतं आवाज बंद करणारं. जाहिरातीसाठी नाव झकास होतं. घोळ पुढं झाला.

40 किलोमीटरचा निरोप आणि जगभरचं जाळं

पर्सीचं डोकं एका जागी बसणारं नव्हतं. सायलेन्सरचा धंदा चालू असतानाच त्याला बिनतारी रेडिओचं वेड लागलं.

1914 मधली गोष्ट. हार्टफर्डमधून त्याला स्प्रिंगफील्ड शहरातल्या एका रेडिओवाल्याला निरोप पाठवायचा होता. अंतर जेमतेम 40 किलोमीटर. यंत्र ताकदीचं होतं, पण त्या दिवशी काही केल्या निरोप पोचेना. मग त्याला आठवलं, की मधल्या विंडसर लॉक्स गावात आणखी एक रेडिओवाला आहे. पर्सीनं त्याला निरोप दिला, त्यानं तो पुढं स्प्रिंगफील्डला दिला. काम झालं.

साधीच गोष्ट, पण पर्सीला त्यात मोठी गोष्ट दिसली. गावोगावी हौशी रेडिओवाले आहेत. त्यांनी एकमेकांचे निरोप पुढं द्यायचं ठरवलं, तर अख्खा देश जोडला जाईल. क्लॅरेन्स टस्का या तरुणाला सोबत घेऊन त्यानं अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी केली. 1915 च्या डिसेंबरमध्ये संघटनेचं मासिक निघालं. त्यात द ओल्ड मॅन या टोपणनावानं कुणीतरी रेडिओवाल्यांच्या वाईट सवयींवर खरपूस लेख लिहायचं. हा म्हातारा कोण, यावर वाचकांनी वर्षानुवर्षं डोकं खाजवलं. तो खुद्द पर्सीच होता, हे त्याच्या मृत्यूनंतर सगळ्यांना कळलं.

1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सरकारनं हौशी रेडिओ बंद पाडले. युद्ध संपलं तरी ते सुरू होईनात. पर्सीनं सरकारदरबारी खेटे घातले, सदस्यांना कामाला लावलं आणि 1919 मध्ये रेडिओ पुन्हा बोलू लागले. 1925 मध्ये पॅरिसला हौशी रेडिओवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, तिचा पहिला अध्यक्ष पर्सीच. यालाच आपण हॅम रेडिओ म्हणतो. 2004 च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारतीय हॅम रेडिओवाल्यांनीच निरोप बाहेर पोचवले होते.

ज्याचं नाव आवाज दाबण्यासाठी घेतलं जातं, त्यानंच लाखो लोकांचा आवाज लांबवर पोचवला. याला काय म्हणायचं?

नाव भोवलं

इकडं सायलेन्सरभोवती भीती वाढत होती. पर्सी नेमबाजीबद्दल बोलत होता, लोकांना मात्र गुपचूप खून दिसत होते. आवाजच आला नाही तर खुनी सापडणार कसा? चोरून शिकार करणारे पकडणार कसे? काही राज्यांनी बंदी घालायला सुरुवात केली.

बाप लंडनमध्ये 24 नोव्हेंबर 1916 रोजी वारला. सॉमची भीषण लढाई थांबून आठवडाही झाला नव्हता आणि तिथं दोन्ही बाजूंनी बापाच्याच बंदुकीच्या पुढच्या आवृत्त्या धडधडत होत्या. मशीनगननं माणसं मारली, पण मॅक्सिम हे नाव सन्मानानं घेतलं गेलं. पोराच्या नळकांड्यानं कान वाचवले, पण ते मारेकऱ्याचं हत्यार ठरलं.

1920 च्या दशकात पर्सीच्या कंपनीनं बंदुकीचं सायलेन्सर हळूहळू गुंडाळलं. तोवर अमेरिकेत दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांनी उच्छाद मांडला होता. 1934 मध्ये नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला. त्यात मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि त्यांच्या पंगतीला सायलेन्सरही बसवलं गेलं. सरकारकडं नोंद सक्तीची आणि प्रत्येक व्यवहारावर 200 डॉलर कर. मंदीचा काळ, त्यात वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट कर. सामान्य माणसासाठी विषय संपला.

गंमत बघा, बापाची मशीनगन आणि पोराचं सायलेन्सर एकाच कायद्याच्या एकाच यादीत आले.

भारतातही कायदा कडकच आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राची जी व्याख्या आहे, तिच्यात बंदुकीचा आवाज किंवा जाळ कमी करणारी जोडवस्तूही येते. म्हणजे बंदूक सोडा, नुसतं सायलेन्सर किंवा फ्लॅश हायडर विनापरवाना बाळगणं हाच गुन्हा. ऑनलाईन दिसलं म्हणून मागवून बघू, असला उद्योग कुणी करू नये.

मग त्यानं शहराचा आवाज कमी करायला घेतला

बंदुकीचा धंदा गेला म्हणून पर्सी रडत बसला नाही. वायूला गिरक्या घ्यायला लावायचं तेच शास्त्र त्यानं इंजिनांकडं वळवलं. जहाजांची डिझेल इंजिनं, कारखान्यांतले कॉम्प्रेसर, जिथं जिथं वायू दाबानं बाहेर पडतो तिथं मॅक्सिम सायलेन्सर बसू लागलं. शहरातला गोंगाट हा माणसाच्या तब्येतीचा प्रश्न आहे, हे तो मनापासून मानायचा. खिडकीत बसवायचं एक यंत्रही त्याच्या कंपनीनं विकलं. ते बाहेरची हवा गाळून आत घ्यायचं आणि रस्त्याचा गोंगाट बाहेरच ठेवायचं.

मधल्या काळात 1926 मध्ये त्यानं हौशी सिनेमावाल्यांचीही संघटना काढली. आयुष्याच्या शेवटी तो खगोलशास्त्राकडं वळला, विश्वात जीवसृष्टी कुठं असेल यावर 1933 मध्ये पुस्तक लिहिलं. आपल्या विक्षिप्त बापावरही त्यानं पुस्तक लिहिलं. सोडून गेलेल्या बापावर कडवट काहीतरी असेल असं वाटतं, पण त्यात लहानपणीचे खोडकर किस्से आहेत. 1946 मध्ये त्यावर हॉलिवूडनं सिनेमाही काढला.

तो बघायला पर्सी नव्हता. 1936 च्या फेब्रुवारीत तो रेल्वेनं कॅलिफोर्नियाला निघाला होता, तिथल्या लिक वेधशाळेतून आकाश बघायला. वाटेत घशाचा संसर्ग बळावला. कोलोरॅडोतल्या ला हुंता गावात त्याला गाडीतून उतरवून रुग्णालयात नेलं आणि तिथंच 17 फेब्रुवारी रोजी त्याचं निधन झालं. वय 66.

शंभर वर्षांनी लष्कर त्याच्याकडं परत आलं

पुढं त्या वस्तूचं नाव बदलायचे प्रयत्न झाले. ब्रिटनमध्ये त्याला मॉडरेटर म्हणतात, म्हणजे आवाज आवाक्यात ठेवणारं. तिथं परवाना घेऊन शिकारी ते वापरतात. अमेरिकेत तांत्रिक लोक सप्रेसर म्हणतात. दोन्ही नावं जास्त खरी आहेत, पण लोकांच्या तोंडी अजून पर्सीचाच शब्द आहे.

2022 मध्ये अमेरिकन लष्करानं नवीन रायफल निवडली आणि ती सप्रेसरसकट द्यायचं ठरवलं. कारण तेच, सैनिकाचे कान वाचावेत, जाळ दिसू नये आणि गोंगाटात हुकूम ऐकू यावा. किंमतही तीच. निवड जाहीर झाली तेव्हाच्या आकड्यांनुसार नुसती रायफल साधारण 3.8 किलोची, सप्रेसर लावल्यावर जवळपास 4.5 किलोची. एवढं वजन अंगावर वागवायचं का, यावर आजही वाद घातला जातो. 1910 मध्ये जे तराजूवर होतं तेच आजही आहे, फक्त आता कानाचं पारडं जड झालंय.

1934 चा तो 200 डॉलरचा करही 1 जानेवारी 2026 पासून सायलेन्सरसाठी शून्यावर आला. नोंदणीची सक्ती मात्र कायम आहे.

पर्सीनं 1909 मध्ये आपल्या नळकांड्याला एखादं साधं, कंटाळवाणं नाव दिलं असतं, तर ते कदाचित चष्म्यासारखं किंवा हेल्मेटसारखं सुरक्षेचं सामान म्हणून ओळखलं गेलं असतं. त्यानं विकलं जाईल असं नाव दिलं. ते विकलंही गेलं, पण त्या नावानं जे वचन दिलं ते त्याचं यंत्र कधीच पाळू शकणार नव्हतं. लोकांनी यंत्र तपासलंच नाही, त्यांनी नावावर विश्वास ठेवला आणि त्या नावालाच घाबरले.

हार्टफर्डजवळच्या न्यूइंग्टनमध्ये मात्र त्याच्या नावानं काहीतरी रोज बोलतं. त्याच्या रेडिओ स्टेशनची ओळख असलेलं डब्ल्यू वन ए डब्ल्यू हे चिन्ह त्याच्या स्मरणार्थ जपलंय आणि तिथून आजही जगभरच्या हॅम रेडिओवाल्यांसाठी संदेश जातात.